जुना मिरज तंबोरा

जुना मिरज तंबोरा म्हणजे सांगली जिल्ह्यातील मिरज येथे पूर्वीच्या पिढ्यांतील कारागिरांनी घडवलेला आणि मुख्य भाग मूळचेच राहिलेला तंबोरा होय. अशा वाद्याचे मोल केवळ वयावरून ठरत नाही. घडण, मूळ भागांची शाबूत स्थिती, दुरुस्तीचे स्वरूप आणि नाद या चारही गोष्टींचा त्यासाठी एकत्रित विचार करावा लागतो.

संज्ञा

जुन्या पण मोलाच्या वस्तूला लावले जाणारे 'विंटेज' हे विशेषण मूळचे द्राक्षाच्या हंगामाशी निगडित आहे. वाद्यांच्या क्षेत्रात ते प्रामुख्याने विद्युत गिटारमुळे रूढ झाले. अमेरिकेतील फेंडर कंपनी १९६५ मध्ये सीबीएस या उद्योगसमूहाने विकत घेतली. संग्राहक त्या वर्षापूर्वीच्या फेंडर गिटारी वेगळ्या व श्रेष्ठ गणतात. गिब्सन कंपनीच्या १९५८ ते १९६० या काळातील लेस पॉल गिटारींनाही असेच स्थान आहे. या गिटारींचा काळ अनुक्रमांकावरून आणि आतील विद्युत भागांवरील सांकेतिक आकड्यांवरून बराचसा निश्चित करता येतो. मिरजेचा तंबोरा हाताने घडतो. त्यावर कारखान्याचे अनुक्रमांक नसतात. त्यामुळे त्याचे वय वाद्याच्या अंगावरूनच वाचावे लागते.

पार्श्वभूमी

मिरजेतील तंतुवाद्यनिर्मितीची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनची मानली जाते. तिचा आरंभ फरीदसाहेब सतारमेकर यांच्यापासून झाला, असे सांगितले जाते. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजातील हे कारागीर शस्त्रांचा वापर घटल्यावर वाद्यांच्या दुरुस्तीकडे व पुढे निर्मितीकडे वळले. पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय आणि गायकांचा वावर यांमुळे या व्यवसायाला बळ मिळाले. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे मिरजेत दीर्घकाळ वास्तव्य होते. वाद्यांच्या दुरुस्तीतही त्यांना गती होती. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. हे मानांकन वाद्याच्या उगमस्थानाविषयी आहे, त्याच्या वयाविषयी नाही.

घडण

तंबोऱ्याचा भोपळा हा खाण्याच्या भोपळ्याहून वेगळा, जाड सालीचा व कडू असतो. सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूर-मंगळवेढा परिसरात, भीमेच्या खोऱ्यात, त्याचे पीक घेतले जाते. पूर्ण वाळलेला भोपळा कापून आतून स्वच्छ केला जातो. त्यावर लाकडी तबली बसवतात आणि गळ्याच्या आधारे पोकळ दांडी जोडतात. लाकूड बहुधा तुणीचे असते. घोडी, खुंट्या, मणके आणि नक्षीकाम हे भाग त्यानंतर येतात.

ओळखण्याचे निकष

मूळ भाग : भोपळा, तबली, गळा आणि दांडी हे चार भाग एकाच वेळी जोडलेले असणे ही पहिली कसोटी आहे. भोपळा ठिसूळ असल्याने तो फुटल्यावर बदलला जाण्याचा संभव अधिक असतो. सांध्याजवळ रंगातील किंवा जाडीतील फरक दिसल्यास बदलाची शंका घ्यावी.

रंग व पॉलिश : जुन्या वाद्यावर लाखेचे पॉलिश आढळते. हात फिरण्याच्या जागी ते नैसर्गिकरीत्या झिजते. संपूर्ण वाद्य नव्याने चकचकीत केल्यास ही साक्ष नष्ट होते. पुन्हा रंगवलेल्या जुन्या गिटारीचे मोल घटते, त्याचेही कारण हेच.

झीज : खुंट्यांची भोके, दांडीची कड आणि तारगहन येथील झीज वापराशी सुसंगत असावी. सर्वत्र सारखीच झीज कृत्रिम असू शकते.

इतिहास : कारागिराच्या नावाची चिठ्ठी, खरेदीची पावती, जुनी छायाचित्रे किंवा कोणाच्या घराण्यात वाद्य वापरले गेले याची लेखी नोंद असल्यास वय ठरवणे सोपे जाते. केवळ तोंडी आख्यायिका पुरेशी नसते.

जवारी आणि दुरुस्ती

तारा सतत घासल्याने घोडीवर चरे पडतात व नाद बिघडतो. तेव्हा घोडीचा पृष्ठभाग पुन्हा घासून जवारी काढली जाते. प्रत्येक वेळी घोडी किंचित झिजते व अखेर बदलावी लागते. म्हणून तारा किंवा घोडी बदललेली असणे हा दोष मानू नये. तो वाद्य वाजते असल्याचा पुरावा आहे. भोपळ्याची भेग सरसाने जुळवणे हीदेखील योग्य दुरुस्ती होय. याउलट नाद बदलेल अशा रीतीने तबली तासून पातळ करणे, ही न परतवता येणारी हानी ठरते.

वय आणि नाद

जुने वाद्य नव्यापेक्षा गोड वाजतेच, असे गृहीत धरता येत नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २१ व्हायोलिनवादकांना कोणते वाद्य जुने हे कळू न देता वाजवण्यास दिले असता, सर्वाधिक पसंती एका नव्या व्हायोलिनला मिळाली आणि सर्वांत कमी पसंती एका स्ट्रॅडिव्हेरियसला. तंबोऱ्याच्या बाबतीतही वय आणि नाद यांची परीक्षा स्वतंत्रपणे करणे इष्ट आहे.

कायदेशीर बाजू

जुन्या वाद्यांच्या घोडीत सांबरशिंग व हस्तिदंत, तर नक्षीत हस्तिदंत आढळू शकते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ आणि त्यातील नंतरच्या दुरुस्त्यांनुसार या पदार्थांच्या व्यापारावर बंदी आहे. असे वाद्य विकण्यापूर्वी वन विभागाकडे चौकशी करणे आवश्यक ठरते. तसेच पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार किमान शंभर वर्षे जुनी कारागिरीची वस्तू पुरावशेष ठरू शकते. खासगी व्यक्तीला पुरावशेष देशाबाहेर नेता येत नाही.

जतन

इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याच्या प्रसारानंतर अनेक जुने तंबोरे वापराबाहेर गेले. न वापरलेल्या वाद्याला कीड लागणे, दांडी वाकणे आणि सांधे सुटणे हे धोके संभवतात. वाद्य गवसणीत, थेट ऊन व ओल यांपासून दूर ठेवावे. दीर्घकाळ वापर नसल्यास तारा सैल कराव्यात. भोपळ्यावर भार येऊ देऊ नये. दुरुस्तीपूर्वी सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत आणि काढलेले मूळ भाग टाकून न देता वाद्यासोबत जपून ठेवावेत. असे सुटे भागही पुढील अभ्यासकाला त्या वाद्याचा काळ सांगू शकतात.

हेही पाहा

तंबोरा
सतार
मिरज
किराणा घराणे
भौगोलिक मानांकन