द्विपर्यायी निवड-प्रयोग

उत्तरदात्यासमोर दोन पर्याय ठेवून त्यांपैकी एक निवडावयास सांगणे व अशा अनेक निवडींवरून लोकांच्या आवडीनिवडीचे संख्यात्मक मापन करणे, या पद्धतीस द्विपर्यायी निवड-प्रयोग म्हणतात. स्वच्छ किनारा, वन्य पक्षी, प्रवासात वाचणारा वेळ अशा बाजारभाव नसलेल्या गोष्टींच्या मूल्यमापनासाठी ती विशेषेकरून वापरतात. बोललेल्या निवडीस प्रत्यक्ष वर्तनाइतके प्रमाण मानावे काय, हा वाद या पद्धतीच्या आरंभापासून चालत आला आहे.

गुस्टाफ फेक्नर (१८०१–८७) या जर्मन शास्त्रज्ञाने १८६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दोन वजने उचलून जड कोणते ते सांगावयाचे असे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लुई थर्स्टन (१८८७–१९५५) यांनी १९२७ मध्ये तुलनात्मक निर्णयाचा नियम मांडला. मनावरील ठसा दर वेळी थोडा बदलतो. म्हणून एका वस्तूस दुसरीपेक्षा किती वेळा पसंती मिळाली, त्या प्रमाणावरून दोहोंतील अंतर काढता येते. १९३१ मध्ये त्यांनी हाच विचार टोप्या, बूट व ओव्हरकोट यांच्या निवडीस लावला. काल्पनिक टोपी निवडण्यास काहीच पडत नाही, अशा आशयाची टीका वॉलिस व फ्रीडमन यांनी १९४२ मध्ये केली आणि अर्थशास्त्रज्ञ या वाटेस फारसे गेले नाहीत. डॅनिएल मॅकफॅडन यांनी १९७४ मध्ये निवडीची संभाव्यता दोन पर्यायांच्या उपयोगितेतील फरकाशी जोडणाऱ्या लॉजिट प्रतिमानास आर्थिक पाया दिला, तेव्हा विश्लेषणाचे साधन हाती आले.

‘आपण किती रक्कम द्याल?’ या खुल्या प्रश्नास उत्तर देणे लोकांस अवघड जाते. सांगितलेल्या किंमतीस होय किंवा नाही म्हणण्याची सवय मात्र प्रत्येक ग्राहकास असते. बिशप व हेबर्लाइन यांनी १९७९ मध्ये याचा उपयोग केला. विस्कॉन्सिन राज्यातील हॉरिकॉन भागात हंसांच्या शिकारीचे विनामूल्य परवाने मिळालेल्या काही शिकाऱ्यांना त्यांनी १ ते २०० डॉलरचे खरे धनादेश पाठविले. परवाना किंवा धनादेश यांपैकी एक परत करावयाचा होता. परवान्याचे सरासरी मूल्य ६३ डॉलर निघाले. काल्पनिक विक्रीच्या प्रश्नावरून ते १०१, तर काल्पनिक खरेदीच्या प्रश्नावरून अवघे २१ डॉलर आले.

या पद्धतीत वेगवेगळ्या उत्तरदात्यांस वेगवेगळ्या रकमा यदृच्छेने देतात. रक्कम वाढते तसे होकाराचे प्रमाण घटते. ज्या रकमेस निम्मे लोक राजी होतात ती मध्यका होय. साध्या लॉजिट प्रतिमानात ती स्थिरांकास रकमेच्या सहगुणकाने, चिन्ह सोडून, भागून मिळते. सर्वच होकार देतील इतकी अल्प रक्कम ठेवल्यास माहिती जवळजवळ मिळत नाही. वक्राचे दोन्ही प्राचल अचूक काढण्यास सुमारे ८२ व १८ टक्के होकार मिळवून देणाऱ्या दोन रकमा सर्वांत उपयुक्त ठरतात. पण त्या ठाऊक असण्यासाठी वक्रच आधी ठाऊक हवा! म्हणून पूर्वचाचणी घ्यावी लागते व व्यवहारात दोहोंपेक्षा अधिक रकमा ठेवतात.

एक्झॉन व्हॅल्डीझ या जहाजातील तेल २४ मार्च १९८९ रोजी अलास्काच्या किनाऱ्यावर सांडले, तेव्हा हा विषय न्यायालयाच्या दारात आला. अलास्का राज्यासाठी कार्सन व सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये १,०४३ मुलाखती घेतल्या. अशी दुर्घटना टाळण्याच्या योजनेस एकदाच १०, ३०, ६० किंवा १२० डॉलर कर देऊन मत द्याल काय, असा प्रश्न होता. मध्यका सुमारे ३१ डॉलर निघाली व देशभरातील कुटुंबांचा हिशेब २८० कोटी डॉलरवर गेला. मात्र त्याच वर्षी तडजोड झाल्याने या आकड्याची न्यायालयात कसोटी लागली नाही. दुसऱ्या बाजूस, कंपनीच्या साहाय्याने झालेल्या एका पाहणीत २,०००, २०,००० व २,००,००० पक्षी वाचविण्यासाठी लोकांनी सरासरी ८०, ७८ व ८८ डॉलर देऊ केले. संख्येचे भानच उत्तरात नाही, असा आक्षेप त्यावरून घेण्यात आला. तो प्रश्न खुल्या स्वरूपाचा होता, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. केनेथ ॲरो व रॉबर्ट सोलो यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९३ मध्ये कडक अटींवर या पद्धतीस मान्यता दिली आणि सार्वमताच्या धर्तीवर होय-नाही प्रश्न विचारण्याची शिफारस केली.

दोनच पर्याय असण्यास तात्त्विक आधारही आहे. तिसरा पर्याय येताच, आपली पहिली पसंती निवडून येणार नाही असे दिसल्यास मतदार दुसरीकडे वळू शकतो. दोहोंत तसे करण्यात लाभ नसतो. परंतु उत्तराचा निर्णयावर परिणाम होईल अशी उत्तरदात्याची खात्री असली तरच हे लागू पडते, असे कार्सन व ग्रोव्ह्‌ज यांनी २००७ मध्ये दाखविले. त्यानंतरच्या अनेक पाहण्यांत ही खात्रीही स्वतंत्र प्रश्नाने तपासली जाऊ लागली.