जठरनिर्गमाचा अवरोध आणि रामस्टेट यांची शस्त्रक्रिया

जन्मतः निरोगी दिसणारे मूल तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एकाएकी प्रत्येक पाजण्यानंतर जोराची उलटी करू लागते व दिवसेंदिवस वाळत जाते. जठराचे तोंड आद्यांत्रात जेथे उघडते, तेथील वर्तुळाकार स्नायू वाढून मार्ग आवळून टाकतो, हे या विकाराचे मूळ होय. अमेरिकेतील हेझेकाया बिअर्डस्ली यांनी 1788 मध्ये अशा एका रुग्णाचे वर्णन प्रसिद्ध केले होते. परंतु वैद्यकाने या विकाराला स्वतंत्र स्थान दिले, ते कोपनहेगनचे हॅराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी 1888 मध्ये दोन अर्भकांची हकीकत मांडल्यानंतरच.

निदान झाले, तरी उपाय हाती नव्हता. प्रौढांच्या जठरावरील शस्त्रक्रिया त्यावेळी नुकतीच सिद्ध झाली होती. व्हिएन्ना येथे बिलरोट यांनी 29 जानेवारी 1881 रोजी कर्करोगाने अडलेला जठरनिर्गम कापून काढला होता आणि त्यांचे साहाय्यक वोल्फलर यांनी त्याच वर्षी अडथळा तसाच ठेवून जठर व लहान आतडे यांना परस्पर जोडण्याची रीत योजिली होती. पुढे हाइनेके व मिकुलिच यांनी अरुंद मार्ग उभा चिरून आडवा शिवण्याचा प्रकार रूढ केला. साहजिकच शल्यवैद्यांनी हेच उपाय अर्भकांवर करून पाहिले. पण कृश व निर्जल झालेल्या देहाला दीर्घ शस्त्रक्रिया सोसवत नसे. मृत्यूचे प्रमाण एवढे मोठे होते की, अनेक बालरोगतज्ज्ञ जठर धुणे व थोडेथोडे दूध पाजणे यांवरच विसंबून राहत.

या कोंडीतून मार्ग निघाला तो टप्प्याटप्प्याने. पॅरिसचे पिएर फ्रेदे यांनी 1907 मध्ये आतील श्लेष्मकलेला धक्का न लावता केवळ स्नायू उभा चिरला; मात्र जखम आडवी शिवण्याचा जुना प्रघात त्यांनी सोडला नाही. जर्मनीतील म्युन्स्टर येथे कोनराट रामस्टेट यांनी 1911 मध्ये याच हेतूने शस्त्रक्रिया आरंभिली. परंतु ताठ झालेल्या स्नायूत टाके टिकेनात. ते फाटून निघाले. तेव्हा वपेचा तुकडा जखमेवर बसवून त्यांनी पोट बंद केले. मूल आणखी काही दिवस उलट्या करीत राहिले, तरी अखेर बरे झाले. 1912 मधील दुसऱ्या प्रसंगी त्यांनी टाके घालण्याचा प्रयत्नच केला नाही. स्नायू चिरून जखम उघडी ठेवली. श्लेष्मकला फटीतून वर आली व मार्ग मोकळा झाला. त्याच वर्षी त्यांनी ही रीत प्रसिद्ध केली.

या शोधाला केवळ अपघात म्हणण्याची प्रथा आहे. ती तपासून घेण्याजोगी आहे. एडिंबरोचे हॅरल्ड स्टाइल्स यांनी फेब्रुवारी 1910 मध्येच स्नायू चिरून न शिवता सोडला होता. परंतु ते अर्भक चार दिवसांनी आंत्रशोथाने दगावले आणि स्टाइल्स जठर व आतडे जोडण्याच्या जुन्या रीतीकडे वळले. म्हणजे कृती दोघांच्याही हातून घडली. पण तिच्या फलाचा अर्थ वेगळा लागला. स्टाइल्स यांच्या रुग्णाचा मृत्यू चिरेमुळे झालेला नव्हता, तरीही रीत बाजूला पडली. रामस्टेट यांनी मात्र टाके फाटूनही मूल वाचले, यावरून टाके अनावश्यक होते, असा निष्कर्ष काढला आणि तो दुसऱ्या रुग्णावर जाणीवपूर्वक पडताळून पाहिला. अपघात पहिल्या प्रसंगी होता. दुसऱ्या प्रसंगी विचार होता. अग्रमानाचा वाद तारखांवर न सोडविता या भेदावर सोडविणे अधिक न्याय्य ठरेल.

या शस्त्रक्रियेच्या यशाचे सर्व श्रेय चिरेला देणेही योग्य नव्हे. सततच्या उलट्यांनी अर्भकाच्या शरीरातील पाणी, क्लोराइड व आम्ल घटून रक्त अल्कधर्मी होते, हे ज्ञात झाल्यावर प्रथम द्रव व क्षार भरून काढावे आणि मगच शस्त्र हाती घ्यावे, असा दंडक पडला. 1991 पासून दुर्बिणीद्वारा ही शस्त्रक्रिया केल्याचे वृत्तांत प्रसिद्ध होऊ लागले. पोटात शिरण्याची वाट बदलली. स्नायू चिरावा, श्लेष्मकला अभंग राखावी आणि स्नायूची चीर न शिवता सोडावी, हे तत्त्व मात्र 1912 चेच राहिले आहे.