दाखवण्यासाठी सजवलेले घर : न्यूयॉर्क, मुंबई आणि वर्ध्याजवळचे शेगाव

१/ रिकाम्या हवेलीतील एकेक खोली एकेका इंटिरिअर डिझायनरकडे सोपवली जाते. बहुतांशी स्वखर्चाने तो ती सजवतो, लोक तिकीट काढून पाहायला येतात आणि जमलेली रक्कम धर्मादाय कार्याला जाते. या प्रथेला ‘शो हाउस’ म्हणतात. आजचा धागा या प्रथेविषयी आणि नागपूरपासून सुमारे ७५ किलोमीटरवर असलेल्या एका खोलीविषयी.

२/ या प्रकारातील सर्वांत गाजलेला उपक्रम न्यूयॉर्कचा. ‘किप्स बे’ या मुलांच्या संस्थेसाठी १९७३ साली तो सुरू झाला. सजावटकाराला प्रसिद्धी मिळते, प्रेक्षकाला नवी अभिरुची पाहायला मिळते आणि संस्थेला निधी. मात्र ज्या मुलांसाठी तो निधी जमतो, त्यांच्या घराशी त्या खोल्यांचा काहीही संबंध नसतो. प्रदर्शन संपले की सजावटही उतरते.

३/ दाखवण्यासाठी घर सजवण्याची कल्पना याहून जुनी आहे. लंडनमध्ये ‘डेली मेल’ या वृत्तपत्राने १९०८ साली ‘आयडियल होम’ प्रदर्शन भरवले. तेथे हेतू व्यापाराचा होता, दानाचा नव्हता.

४/ तेच नाव घेऊन नोव्हेंबर १९३७ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स या वास्तुविशारदांच्या संस्थेने मुंबईच्या टाउन हॉलमध्ये प्रदर्शन भरवले. नव्या धर्तीचे फर्निचर, विजेची उपकरणे, आधुनिक स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांनी ती जुनी वास्तू भरून गेली. सुमारे एक लाख लोकांनी ते पाहिले.

५/ हा काळ लक्षात घ्यायला हवा. ओव्हल मैदानाच्या कडेला आणि दादर-माटुंग्याकडे काँक्रीटच्या इमारती उभ्या राहत होत्या. स्वतंत्र फ्लॅटमधील संसार कसा मांडावा, हा मध्यमवर्गापुढचा नवा प्रश्न होता. त्याच शहरातील गिरणी कामगार मात्र चाळीतील एका खोलीत सारे कुटुंब घेऊन राहत होता. ‘आदर्श घर’ कोणाचे, हे न सांगताच ठरले होते.

६/ याच सुमारास विदर्भात काय चालले होते? ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला गेले. (गजानन महाराजांचे शेगाव वेगळे. नावांचा घोळ टाळण्यासाठी १९४० मध्ये या गावाचे नाव सेवाग्राम झाले.) आपल्या झोपडीवर १०० रुपयांहून अधिक खर्च होऊ नये, अशी सूचना त्यांनी जमनालाल बजाज यांना आधीच केली होती.

७/ बांधकामाची देखरेख मीराबेन यांच्याकडे होती. मूळ नाव मॅडेलिन स्लेड, इंग्रज आरमारातील उच्चाधिकाऱ्याची कन्या. आज ‘बापू कुटी’ म्हणून ओळखली जाणारी झोपडी त्यांनी मुळात स्वतःसाठी उभारली होती. गांधीजी तेथे नंतर राहायला आले. मातीच्या भिंती, कौलारू छप्पर, आणि भिंतीवर मातीतूनच उठवलेल्या झाडांच्या आकृती, ॐ आणि चरखा. त्यांना कोणी सजावटकार म्हटले नाही. पण एखाद्या खोलीला अर्थ देण्याचे काम याहून वेगळे ते काय असते?

८/ त्याच वर्षी डिसेंबरात खानदेशातील फैजपूर येथे ग्रामीण भागातील पहिले काँग्रेस अधिवेशन भरले. नंदलाल बोस यांनी त्याची सजावट बांबूसारख्या गावाकडच्या साहित्यातून साकारली. प्रेक्षकाने दुकानात जाऊन काही विकत आणावे, अशी त्यामागे अपेक्षा नव्हती. आपल्याच शिवारातले साहित्य आणि आपल्याच गावातले कारागीर पुरेसे आहेत, हे त्याने पाहावे अशी होती.

९/ येथे एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. शेगावची जमीन जमनालाल बजाज यांची होती आणि आश्रमाचा भार मोठ्या प्रमाणात त्यांच्या औदार्यावर उभा होता. म्हणजे त्या साधेपणामागेही धनिकाचे दान होतेच. न्यूयॉर्कमध्ये श्रीमंतीची खोली दाखवून गरजूंसाठी पैसा उभा करतात. शेगावात श्रीमंताच्या आधाराने, गरिबालाही बांधता येईल अशी खोली उभी राहिली. दोन्हीकडे दान आहे, पण दानाचा प्रवास उलट्या दिशेचा आहे.

१०/ म्हणून कोणत्याही प्रदर्शनी घराचा इतिहास वाचताना तीन प्रश्न विचारावेत : खर्च कोणी केला? पाहायला कोण आले? आणि ज्याच्या नावाने हे सारे झाले, त्याला तशी खोली कधी बांधता आली असती का? सेवाग्रामला गेलात तर बापू कुटीतील त्या मातीच्या झाडांपुढे थोडा वेळ थांबा. आपल्याच गावच्या मातीतून घडलेल्या त्या भिंती पाहताना शेगावच्या शेतमजुराने काय विचार केला असेल, याची नोंद आपल्या पाठ्यपुस्तकांत नाही. ती शोधणे हे आपल्या पिढीचे काम आहे.