मृतस्मरण (मुंबई उपनगरांतील कॅथलिक समाज)

मृतस्मरण म्हणजे दिवंगत आप्ताच्या आत्म्यासाठी प्रार्थना करण्याची आणि त्याचे नाव कुटुंबात व धर्मग्रामात जागते ठेवण्याची कॅथलिक परंपरा होय. मुंबईच्या उपनगरांत अंधेरी, मरोळ, बोरिवली, गोराई येथील जुन्या गावठाणांतील ईस्ट इंडियन समाज, तसेच गोवा व मंगळूरहून येऊन स्थायिक झालेली कुटुंबे ती पाळतात. घरातील वडील किंवा आजोबा निवर्तल्यावर या परंपरेला विशेष अर्थ येतो. कारण अनेक घरांत सायंकाळच्या जपमाळेला आरंभ करणारा आवाज त्यांचाच असतो.

== पार्श्वभूमी ==

१५३४ च्या वसईच्या तहानंतर साष्टी बेट पोर्तुगीजांकडे गेले. फ्रान्सिस्कन व जेझुइट धर्मगुरूंनी तेथे चर्च उभारली. बोरिवलीतील मंडपेश्वर आणि अंधेरीजवळील कोंडिवटा ही त्यांपैकी जुनी केंद्रे. १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई जिंकल्यानंतरही येथील ख्रिस्ती गावे आपल्या धर्मावर राहिली. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, १८८७ मध्ये, या समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव स्वीकारले. त्यांची घरगुती बोली मराठीचीच एक शाखा आहे.

== धार्मिक आधार ==

मृत्यूनंतर आत्मा शुद्धीस्थानातून जातो आणि जिवंतांच्या प्रार्थनेने त्याला साह्य होते, अशी कॅथलिक श्रद्धा आहे. २ नोव्हेंबर हा सर्व मृतांचा दिवस. क्लूनी मठाचे प्रमुख संत ओडिलो यांनी दहाव्या-अकराव्या शतकांच्या संधिकाळात तो आपल्या मठांत रूढ केला आणि पुढे तो सर्वत्र पसरला. पहिल्या महायुद्धातील मनुष्यहानीच्या काळात, १९१५ मध्ये, पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी या दिवशी प्रत्येक धर्मगुरूला तीन मिस्सा अर्पण करण्याची मुभा दिली.

या श्रद्धेमुळे स्मरणाला एक वेगळे वळण मिळते. मृताची थोरवी गाणे हा अंत्यविधीचा हेतू नव्हे. चर्चच्या नियमानुसार अंत्यविधीच्या मिस्सेतील प्रवचन गौरवभाषण होता कामा नये. कुटुंबीयांना बोलायचे असल्यास कम्युनियननंतरच्या प्रार्थनेपाठोपाठ थोडी संधी मिळते. आयुष्यभर नित्य मिस्सेला जाणाऱ्या आजोबांसाठीही वेदीपुढे क्षमेचीच याचना होते. गौरवाला जागा सापडते ती स्मरणपत्रिकेत, घरच्या गप्पांत आणि वर्तमानपत्रांतील छोट्या निवेदनांत. १८५० मध्ये मुंबईत सुरू झालेले ‘द एक्झामिनर’ हे इंग्रजी साप्ताहिक आणि १९०३ पासूनचे ‘निरोप्या’ हे मराठी मासिक यांनी कॅथलिक वाचकवर्ग घडवला.

== विधी व प्रथा ==

दफन शक्यतो लवकर होते. परदेशी असलेल्या मुलांसाठी मात्र ते एक-दोन दिवस लांबवले जाते. त्यानंतर घरी आप्त व शेजारी जमून जपमाळ म्हणतात. सातव्या दिवशी, महिन्याने आणि वर्षाने मिस्सा अर्पण होते. महिन्याच्या मिस्सेला इंग्रजीवरून ‘मंथ्स माइंड’ म्हणतात. मिस्सेच्या वेळी मृताचे नाव उच्चारले जाते, आणि ते ऐकण्यासाठी दूरच्या उपनगरांत विखुरलेली भावंडे एकत्र येतात. २ नोव्हेंबरला कबरी धुऊन फुलांनी सजवतात, मेणबत्त्या लावतात. धर्मगुरू पवित्र पाणी शिंपडतात. थोरल्या नातवाला आजोबांचे नाव देण्याची रीतही अनेक कुटुंबांत आहे.

== जागेचा प्रश्न ==

मुंबईत दफनभूमी अपुरी असल्याने, कुटुंबाची कायमची कबर नसेल तर काही काळाने तीच जागा दुसऱ्यासाठी वापरली जाते. पूर्वीच्या अस्थी काढून भिंतीतील कोनाड्यात ठेवतात. ज्या मातीवर फुले वाहिली, ती मुलांच्या हयातीतच परक्याची होते आणि बापाचे नाव हातभर दगडी फळीवर उरते. ही अडचण निव्वळ व्यवस्थापनाची मानता येत नाही.

दहनाला १९६३ मध्ये परवानगी मिळाली. तथापि २०१६ च्या व्हॅटिकन निर्देशानुसार रक्षा पवित्र स्थळीच ठेवावी लागते. ती घरी ठेवणे किंवा विसर्जित करणे वर्ज्य ठरले. शेजारी हिंदू कुटुंबात जे पुण्यकर्म, ते येथे निषिद्ध आहे. २०२३ मध्ये रक्षेचा अल्प अंश मृताच्या जिव्हाळ्याच्या ठिकाणी ठेवण्याबाबत काही अटींवर सवलत देण्यात आली. ३० मार्च २०२० रोजी मुंबई महापालिकेने करोनाबाधित सर्व मृतदेहांचे दहन करण्याचा आदेश काढला होता. तो त्याच दिवशी मागे घेण्यात आला.

== गावठाणातील खुणा ==

वाटेवर आणि विहिरीकाठी उभे असलेले क्रूस हेही स्मरणाचे एक रूप आहे. १८९६ च्या प्लेगच्या साथीत असे अनेक क्रूस उभारले गेले. काहींवर ते उभारणाऱ्या कुटुंबाचे नाव वाचता येते. रस्तारुंदीकरणात ते हटवण्यावरून वेळोवेळी वाद झाले आहेत.

कोंडिवट्याचे १५७९ मधील चर्च १८४० च्या सुमारास साथीमुळे सोडून द्यावे लागले. तेथील मूर्ती व वेद्या मरोळच्या चर्चमध्ये नेण्यात आल्या. अवशेषांभोवतीची जमीन पुढे सीप्झ या निर्यात क्षेत्राच्या कुंपणात गेली. एरवी तेथे प्रवेशपत्राशिवाय जाता येत नाही. वर्षातून एकदा मे महिन्यात मात्र छप्पर नसलेल्या त्या भिंतींमध्ये मिस्सा होते आणि मरोळ परिसरातील कुटुंबे आपल्या पूर्वजांच्या चर्चमध्ये जातात.