राखणदारानेच विकलेलं बोलणं

मागच्या बैठकीत हप्ते जमा झाले, वही मिटली, तेवढ्यात गटातल्या एका ताईने मोबाईल पुढे केला. "ताई, पोरगा मोबाईलवर काय करतो ते आपल्याला दिसतं, असं ॲप असतं म्हणे. तेवढं टाकून द्या ना." मी हो म्हणणारच होते. पण अमेरिकेतली एक जुनी हकिगत आठवली आणि हात थांबला. तीच आज सांगते.

तिथे न्यूयॉर्क राज्यात एकोमेट्रिक्स नावाची कंपनी होती. तिचं 'सेंट्री' नावाचं सॉफ्टवेअर आईबाप पैसे मोजून घ्यायचे आणि घरच्या संगणकावर बसवायचे. मूल कुठल्या साइटवर जातं, चॅटवर कोणाशी काय बोलतं, याची नोंद व्हायची आणि ती आईबापांना बघता यायची. हेतू चांगलाच. अनोळखी माणसाच्या नादी पोर लागू नये, असं कोणत्या आईला वाटत नाही?

जून २००९ मध्ये याच कंपनीने 'पल्स' नावाची दुसरी वस्तू बाजारात आणली. ही आयांसाठी नव्हती, माल विकणाऱ्यांसाठी होती. लोक इंटरनेटवर काय बोलतात ते त्यांना त्यातून कळायचं. त्या बोलण्यात थोडा भाग सेंट्रीने टिपलेल्या मुलांच्या गप्पांचाही होता! म्हणजे शेताला राखणदार ठेवावा आणि त्यानेच कणसं बाजारात न्यावीत, तसं झालं. नावं कळत नाहीत, असं कंपनी म्हणायची. पण बोलणं तर पोरांचंच ना?

आईबापांना हे सांगितलं होतं का? म्हटलं तर होतं. करारात सुमारे तीस परिच्छेद वाचून झाल्यावर एक मोघम वाक्य होतं. कर्जाच्या कागदावर अंगठा उठवण्याआधी सगळा कागद वाचून घ्यायचा, हे आपण गटात किती वर्षं घोकतोय. तिथल्या शिकलेल्या आयाही तिथेच फसल्या.

सप्टेंबर २००९ मध्ये वॉशिंग्टनच्या 'एपिक' या संस्थेने तिथल्या केंद्रीय व्यापार आयोगाकडे तक्रार केली. पुढच्या सप्टेंबरात न्यूयॉर्क राज्याशी तडजोड करताना कंपनीला एक लाख डॉलर भरावे लागले. नोव्हेंबर २०१० मध्ये आयोगाशीही तडजोड झाली. सेंट्रीची माहिती दुसऱ्या कशासाठी वापरायची नाही, आणि पल्सकडे गेलेली नष्ट करायची. आयोगाचा आक्षेप नजर ठेवण्यावर नव्हता, स्पष्ट न सांगण्यावर होता. मुलांना मात्र कोणीच विचारलं नव्हतं. मला तेच जास्त खटकतं.

आपल्याकडे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२३ च्या कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायला पालकांची खात्रीशीर संमती लागते असं लिहिलंय. संमती आपलीच, म्हणून वाचणंही आपल्यालाच आलं.

तर त्या ताईच्या ॲपच्या अटी उघडल्या. सगळं इंग्रजीत, बारीक अक्षरात. शेवटी तिच्या नववीतल्या मुलालाच बोलावलं. तो एकेक ओळ वाचून मराठीत सांगू लागला. सातव्या अटीपाशी थांबला आणि आईकडे बघून म्हणाला, "हे माझ्याच मोबाईलवर टाकणार होतीस?" तेवढ्यात लाईट गेली. उरलेल्या अटी पुढच्या बैठकीत वाचायच्या आहेत, त्यालाही बोलावलंय.