विंचवाची नांगी आणि मज्जातंतूंची वीज



पहिला पाऊस पडून गेला की आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत एक जुनी भीती जागी होते. गोवऱ्यांच्या ढिगात हात घालताना, पऱ्हाटी उचलताना, दगडी भिंतीच्या फटीजवळ खेळताना आई मुलाला बजावते, "जपून रे, विंचू असेल." विंचू नांगी मारतो ती पायाच्या अंगठ्याला, पण कधी कधी थोड्याच वेळात मुलाला दरदरून घाम फुटतो, उलट्या होतात, हातपाय गार पडतात आणि छाती धडधडू लागते. दंश अंगठ्याला आणि संकट हृदयावर, असे का व्हावे? या प्रश्नाचे उत्तर मिळायला दोनशे वर्षे लागली. त्या शोधाचा इतिहास आपण जाणून घ्यावा, कारण त्याचा शेवटचा अध्याय महाराष्ट्रातच लिहिला गेला आहे.

इटलीतील बोलोन्या शहरी लुइजी गॅल्व्हानी नावाचे प्राध्यापक होते. मेलेल्या बेडकाच्या पायातील मज्जातंतूला विजेचा स्पर्श झाला की पाय झटका देतो, हे त्यांनी पाहिले. १७९१ साली त्यांनी जाहीर केले की, प्राण्याच्या शरीरात स्वतःची वीज असते. त्यांचेच देशबांधव व्होल्टा यांना हे पटले नाही. ती वीज प्रयोगातील धातूंची आहे, असे ते म्हणाले. आणि या वादातूनच १८०० साली त्यांनी जगातील पहिली विद्युत्घटमाला तयार केली. वस्तुतः दोघांच्याही म्हणण्यात सत्य होते. धातूंपासून वीज निर्माण होते आणि शरीरातही वीज असते.

मज्जातंतूतील संदेश किती वेगाने धावतो? जर्मनीतील थोर शरीरशास्त्रज्ञ म्युलर यांच्या मते हा वेग मोजणे अशक्य होते. परंतु त्यांचेच शिष्य हेल्महोल्ट्झ यांनी १८५० साली बेडकाच्या मज्जातंतूवर तो मोजून दाखविला. तो निघाला सेकंदाला सुमारे २७ मीटर. गुरूचा आदर राखूनही त्याचे मत प्रयोगाच्या कसोटीला लावता येते, हा यातला धडा आहे. माणसाच्या काही जाड तंतूंत हा वेग सेकंदाला १०० मीटरपर्यंत जातो, तर आग-आग होणारी वेदना नेणाऱ्या अगदी बारीक तंतूंत तो जेमतेम एक मीटर असतो. म्हणूनच ठेच लागली की आधी आघात कळतो आणि क्षणभराने कळ येते.

पण ही वीज निर्माण कशी होते? तारेतून वाहते तशी ती नाही. मज्जापेशीच्या पातळ आवरणाच्या बाहेर सोडियमचे विद्युत्भारित कण जास्त असतात आणि आत पोटॅशियमचे. या मांडणीमुळे पेशीची आतली बाजू बाहेरच्यापेक्षा सुमारे ०.०७ व्होल्टने ऋण राहते. आवरणात अतिसूक्ष्म दारे असतात. पेशी चेतविली गेली की सोडियमची दारे उघडतात, सोडियम आत घुसतो आणि आतली बाजू क्षणमात्र धन होते. लगेच ती दारे मिटतात, पोटॅशियमची उघडतात, पोटॅशियम बाहेर पडतो आणि सारे पूर्ववत होते. सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागात हा खेळ आटोपतो. पण तेवढ्यात शेजारच्या भागातील दारे उघडलेली असतात. फटाक्यांच्या माळेत एक फटाका दुसऱ्याला पेटवितो, तसाच संदेश पुढे सरकतो. शेवटचा फटाका पहिल्याइतक्याच जोराने वाजतो. फरक एवढाच की, ही माळ वाजल्याबरोबर पुन्हा भरून तयार असते.

हे रहस्य उलगडले ते एका समुद्री जीवामुळे. कोकणात ज्याला माकूळ म्हणतात त्या स्क्विडच्या अंगात सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीचा मज्जातंतू असतो. १९३९ साली हॉजकिन आणि हक्सले या दोन तरुण इंग्रज शास्त्रज्ञांनी इंग्लंडच्या किनाऱ्यावर त्या तंतूच्या आत विद्युद्वाहक घालून वीज मोजली. तेवढ्यात महायुद्ध पेटले आणि काम थांबले. युद्धानंतर त्यांनी ते पुन्हा हाती घेतले. केंब्रिजचा संगणक दुरुस्तीसाठी बंद होता, म्हणून हक्सले यांनी हाताने फिरवायच्या गणकयंत्रावर दिवसच्या दिवस आकडेमोड केली. १९५२ साली त्यांचे निबंध प्रसिद्ध झाले आणि १९६३ साली त्यांना नोबेल पारितोषिक लाभले.

मज्जातंतू जिथे संपतो तिथे मात्र बहुधा विजेचे काम रसायनाकडे जाते. ऑटो लोवी यांनी १९२१ साली एका बेडकाच्या हृदयाचा मज्जातंतू चेतविला आणि त्या हृदयाभोवतालचा द्रव दुसऱ्या हृदयावर सोडला. दुसरे हृदयही मंद झाले! मज्जातंतूचे टोक एखादा पदार्थ सोडते, हे त्यावरून सिद्ध झाले. हृदय मंद करणारे असे एक रसायन आहे, तसेच रक्तवाहिन्या आवळून रक्तदाब वाढविणारे नॉरॲड्रिनलिन हे दुसरे.

आता विंचवाकडे वळू. मोठी काळी इंगळी दिसायला भयंकर. पण खरा घातक तो लहानसा तांबडा विंचू. त्याच्या विषातील द्रव्ये सोडियमची दारे वेळेवर मिटू देत नाहीत. दार उघडेच राहिले की मज्जातंतू थांबत नाही, तो संदेशामागून संदेश पाठवीत राहतो. त्यामुळे साऱ्या शरीरात नॉरॲड्रिनलिनचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदयावर असह्य ताण पडतो आणि शेवटी फुप्फुसांत पाणी भरते. याच विंचवाच्या विषातून १९९० साली इबेरिओटॉक्सिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. ते पोटॅशियमची एका जातीची दारे बंद करते. जगभरच्या प्रयोगशाळांत मज्जापेशींच्या अभ्यासासाठी ते आजही वापरतात.

आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या जालना जिल्ह्यातील देहेड या खेड्यात एका गरीब शेतकरी कुटुंबात जन्मलेले डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडी आरोग्य केंद्रात रुजू झाले. जिल्ह्याचे नाव तेव्हा कुलाबा होते, आज ते रायगड आहे. रूढ औषधे देऊनही विंचूदंशाचे रुग्ण, विशेषतः मुले, डोळ्यांदेखत दगावत. डॉक्टर रुग्णांच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम यांची टिपणे ठेवू लागले. १९८२ साली त्यांची निरीक्षणे इंग्लंडच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. रक्तवाहिन्या सैल करणारी प्राझोसीन ही रक्तदाबाची साधी गोळी त्यांनी या रुग्णांना दिली, आणि १९८६ साली पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासमवेत त्याविषयी लॅन्सेटमध्येच लिहिले. गंभीर रुग्णांतील मृत्यूंचे प्रमाण त्यानंतर झपाट्याने उतरले. विंचवाच्या विषावरील लसही आता मिळते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या महाडच्या ७० रुग्णांच्या चाचणीत लस व प्राझोसीन दोन्ही मिळालेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले. नुसती गोळी मिळालेल्या ३५ पैकी आठ. २०२२ साली डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली.

पालकहो, विंचू उतरविणाऱ्याच्या मंत्राने गुण येतो असे आपणांस वाटते, कारण पुष्कळदा विष थोडे असते आणि वेदना आपोआप ओसरते. ज्या मुलाच्या अंगात विष अधिक गेले, त्याच्या बाबतीत मात्र मंत्रात गेलेला तास परत मिळत नाही. घाम, उलटी, गार हातपाय यांची वाट न पाहता मूल ताबडतोब दवाखान्यात न्यावे. दंशाची जागा कापू नये, करकचून बांधू नये. औषध कोणते आणि किती, हे डॉक्टरांनीच ठरवावे.

आणि विद्यार्थी मित्रांनो, बेडकाचा पाय, माकुळाचा तंतू आणि खेड्यातल्या दवाखान्यातील टिपणवही, या तिन्ही गोष्टी क्षुल्लकच. ज्यांनी त्या पाहिल्या त्यांनी नीट पाहिल्या, मोजल्या आणि लिहून ठेवल्या. तशी वही तुमच्याही दप्तरात आहे. ती कोरी ठेवू नका.