लोणारच्या पाऊलवाटा : एक ऐतिहासिक विचार

लोणारचे सरोवर व त्याच्या काठावरील गाव यांविषयी आजवर झालेले लेखन बहुतांशी दोन प्रकारांत मोडते. पहिला प्रकार देवालयांच्या वर्णनाचा. हेन्री कझिन्स यांनी १८९७ साली मध्यप्रांत व वऱ्हाड येथील पुरावशेषांची यादी सिद्ध केली आणि १९३१ साली दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांनी घालून दिलेल्या पद्धतीस अनुसरून एकेका मंदिराचा तलविन्यास, शिल्प व काल यांची चर्चा होत आली. दुसरा प्रकार भूशास्त्रीय असून त्याचा सर्व भर या विवराची उत्पत्ती कशी झाली, या प्रश्नावर आहे. या दोन्ही प्रकारांत एक गोष्ट मात्र दुर्लक्षित राहिली. गावातील व परगावची माणसे काठावरून खाली पाण्यापर्यंत कोणत्या वाटांनी उतरत होती आणि कशासाठी उतरत होती, याचा विचार कोणी स्वतंत्रपणे केलेला नाही. मंदिरे, खार आणि खडक या तीनही गोष्टींना जोडणारा दुवा या वाटाच होत, आणि त्या वाटांची दिशा गोड्या पाण्याने व खाराने ठरविली, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

१. भूमीची रचना

लोणारचे विवर जवळजवळ वर्तुळाकार असून काठापाशी त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. म्हणजे काठाने पूर्ण फेरी घालू म्हटले तर सुमारे पावणेसहा किलोमीटर चालावे लागते. काठापासून पाण्यापर्यंतचा उतार शंभर मीटरहून अधिक खोल व बहुतेक ठिकाणी तीव्र आहे. सरोवरातून पाणी बाहेर जाण्यास मार्ग नाही. आत आलेले पाणी केवळ बाष्पीभवनाने कमी होते आणि त्यातील क्षार मागे साठतात. त्यामुळे सरोवराचे पाणी खारट व अत्यंत अल्कधर्मी आहे. याउलट आतील उतारावर व पायथ्याशी अनेक ठिकाणी गोड्या पाण्याचे झरे आहेत.

या वर्तुळाची अखंडता एकाच ठिकाणी ठळकपणे भंगलेली दिसते. ईशान्येस धारेच्या प्रवाहाने काठ खोदून घळ तयार केली आहे आणि तिच्या तोंडाशी वाहून आलेल्या मातीचा पंखा पसरला आहे. या सुपीक मातीवर एके काळी शेतीही होत असे. उतरण्यास सर्वांत सोयीची जागा हीच, बारमाही गोडे पाणी येथेच, आणि गावही याच बाजूस. हा योगायोग म्हणता येणार नाही. गाव व सरोवर यांचा संबंध प्रथम धारेने जोडला, असेच मानावे लागते.

२. तीर्थाची वाट

धारेवरून उतरणारी वाट ही लोणारची मुख्य वाट होय. गोमुखातून पडणाऱ्या धारेखाली स्नान, तेथील देवदर्शन, पुढे पायऱ्यांनी व मग पायवाटेने तळाशी उतरणे आणि काठाकाठाने आग्नेयेकडील कमळजा देवीपर्यंत जाणे, असा यात्रेचा क्रम आहे. नवरात्रात देवीची यात्रा भरते. दुसरी एक वाट पूर्वेकडील उतारावरून रामगयेच्या मंदिराकडे उतरते. तळाच्या कडेने वाघ महादेव, मोर महादेव, मुंगळा महादेव इत्यादी मंदिरे विखुरलेली असून ती सामान्यतः बाराव्या-तेराव्या शतकांतील मानली जातात. लवणासुराचा वध करणाऱ्या विष्णूचे दैत्यसूदन मंदिर मात्र खाली नसून वर गावात आहे. वधाची कथा खालच्या खाऱ्या पाण्याशी बांधलेली आणि वध करणारा देव वरच्या वस्तीत, अशी ही मांडणी आहे. म्हणजे कथेची दोन टोके जोडावयाची तर उतरणे व चढणे अपरिहार्य ठरते.

या मंदिरांचे स्थान पाहता एक गोष्ट ध्यानात येते. धार, सीतान्हाणी, रामगया ही सर्व तीर्थे गोड्या पाण्याची आहेत. कमळजेच्या मंदिरासमोरील विहिरीच्या एका अंगाचे पाणी गोडे व दुसऱ्या अंगाचे खारे असल्याचे सांगतात आणि तिला सासू-सुनेची विहीर असे मार्मिक नाव आहे. पिण्यास निरुपयोगी असलेल्या एवढ्या मोठ्या जलाशयाभोवती फिरणाऱ्या यात्रेकरूला गोड्या पाण्याचे टप्पे आवश्यकच होते. वाटेने मंदिरे जोडली हे खरे असले, तरी मंदिरांची जागा व वाटेची दिशा या दोहोंच्या मुळाशी झरे आहेत, हे अधिक मूलभूत सत्य होय.

लिखित साधनांपैकी महानुभावीय वाङ्मय येथे विशेष उपयोगी आहे. लीळाचरित्रात चक्रधरस्वामींच्या लोणार येथील लीळा आहेत. स्थानपोथीची पद्धती तर वाटांच्या अभ्यासकाला आदर्शच वाटावी अशी आहे. स्वामींचे वास्तव्य कोठे झाले, देऊळ कोणत्या दिशेस तोंड करून आहे आणि एका स्थानापासून दुसरे कोणत्या अंगाला आहे, याची नोंद ती करते. शिल्पाचे वर्णन तिला गौण असून पायी येणाऱ्या भाविकाला जागा अचूक सापडावी हा तिचा हेतू आहे. मंदिर एकाकी वास्तू म्हणून न पाहता वाटेवरील खूण म्हणून पाहण्याची ही दृष्टी आधुनिक यादीकारांनी स्वीकारली नाही, ही खेदाची गोष्ट होय.

३. खाराची वाट

सोळाव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध झालेल्या ऐने-अकबरीत मेहकर सरकारच्या वर्णनात लोणार येते. अबुल फज्ल यास ब्राह्मण विष्णुगया म्हणत असल्याचे सांगतो, खाऱ्या जलाशयातही काही जागी गोडे पाणी मिळते असे नोंदवितो, टेकडीवरील झऱ्याच्या कोरीव मुखाचा व सोमवती अमावास्येच्या समजुतीचा उल्लेख करतो आणि त्याच दमात काच व साबण यांस लागणारे द्रव्य येथे मिळते व त्यापासून चांगला महसूल येतो हेही लिहितो. तीर्थ आणि महसूल या दोन गोष्टी त्याने एकत्र पाहिल्या. उत्तरकालीन लेखकांनी त्या वेगळ्या केल्या.

उन्हाळ्यात पाणी मागे हटले की तळाशी क्षारांचे थर उघडे पडत. दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी त्यांच्या प्रतींची बाजारनावे होती. बांगड्यांची काच, साबण व रंगकाम यांसाठी तो माल जाई. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आल्यानंतर सरकारी लेखनात या खाराची दखल घेतली गेली. १९१२ साली ला टूश व ख्रिस्ती यांनी भूशास्त्र खात्याच्या वतीने लोणारवर प्रबंध प्रसिद्ध केला, त्यातही खाराचा विचार आहे. पुढे कारखान्यांत तयार होणाऱ्या स्वस्त सोड्यापुढे अशा नैसर्गिक खाराचा टिकाव लागणे कठीण झाले.

खार वर आणल्याखेरीज त्याला बाजार नव्हता. म्हणून चढणीचा प्रश्न येथे महत्त्वाचा ठरतो. दर्शनाला उतरणारा रिकाम्या हाताने जातो व पायऱ्यांवर समाधान मानतो. ओझे घेऊन चढणाऱ्याला वळणावळणाची, कमी चढाची वाट हवी. उतारावर पायऱ्यांखेरीज ज्या तिरप्या वाटा आढळतात, त्यांचा विचार या दृष्टीने व्हावयास हवा.

ऋतुमानही लक्षात घेतले पाहिजे. खाराचा हंगाम उन्हाळ्याचा, तर देवीची यात्रा पावसाळ्यानंतरची. एकाच काठावर दोन हंगामांत पाण्याची रेषा वेगळी असल्याने तळाची प्रदक्षिणा ही स्थिर रेषा नसून मागेपुढे सरकणारा पट्टा आहे. २०२० च्या जूनमध्ये पाणी कमी होऊन क्षारता वाढली आणि लवणप्रिय सूक्ष्मजीवांमुळे सरोवर गुलाबी झाले, तेव्हा हा बदल साऱ्या देशाने पाहिला. पूर्वी खार काढणाऱ्यांना तो वर्षानुवर्षे परिचित असला पाहिजे.

४. काठाची वाट

तिसरी वाट वरच्या काठाची. ती मुख्यतः जिज्ञासूंची वाट होय. १८२३ साली अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने लोणारकडे पाश्चात्त्य अभ्यासकांचे लक्ष वेधले. ब्लॅनफर्ड यांनी विवराचे मूळ ज्वालामुखीत शोधले. १८९६ साली गिल्बर्ट यांनी अमेरिकेतील अॅरिझोनाच्या विवराशी त्याचे साम्य दाखविले, परंतु ते विवर ज्वालामुखीय क्रियेने झाले असा निष्कर्ष काढला. साम्य बरोबर होते. निष्कर्ष पुढे उलटा ठरला. १९७३ साली फ्रेड्रिक्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी आघाताच्या खुणा असलेल्या खडकांच्या आधारे हे बेसाल्टमधील उल्काघाती विवर असल्याचे प्रतिपादन केले. विवराचे वय पूर्वी सुमारे ५२ हजार वर्षे मानीत. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या आरगॉन कालमापनाने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे येते.

या वादातील एक महत्त्वाचा पुरावा काठाने चालणाऱ्यालाच दिसतो. बाहेरच्या मैदानात आडवे असणारे बेसाल्टचे थर काठापाशी वर उचललेले व बाहेरच्या बाजूस कललेले आहेत, आणि त्यांवर विवरातून उडालेल्या खडकांचा चुरा पसरला आहे. खालून पाहणाऱ्या यात्रेकरूला येथे देवाने पाताळात दडलेला असुर मारल्याची कथा सुचावी आणि काठाने फिरणाऱ्या अभ्यासकाला आघाताची कल्पना यावी, यात वाटेचाही वाटा आहे.

५. निष्कर्ष

लोणारला १९७९ साली राष्ट्रीय भूवारसा स्मारकाचा दर्जा मिळाला, २००० साली परिसर अभयारण्य झाला आणि २०२० साली सरोवराची रामसर पाणथळ स्थळांत नोंद झाली. मंदिरांना पुरातत्त्व खात्याचे संरक्षण आहे. खडक, पाणी, पशुपक्षी व वास्तू यांपैकी प्रत्येकास राखणदार मिळाला. वाटांस मात्र कोणी नाही. खाराचा उद्योग थांबल्यावर ओझ्याच्या वाटा झुडपांत बुजणे स्वाभाविक आहे. ज्या चालू राहिल्या त्या पर्यटकांच्या सोयीसाठी बांधून काढल्या गेल्यास मूळ चढ, वळणे व थांबे नष्ट होतील. वाट ही अशी वास्तू आहे की तिची दुरुस्ती आणि तिचा नाश पुष्कळदा एकाच कृतीने होतो.

म्हणून या वाटांची मोजणी, चढाची नोंद, झऱ्यांची व थांब्यांची स्थाने आणि गावकऱ्यांच्या तोंडी असलेली टप्प्याटप्प्याची नावे यांचे संकलन तातडीने होणे अवश्य आहे. हे काम इतिहास, भूगोल व मराठी या तीन विभागांच्या विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन उन्हाळ्यात व नवरात्रात असे दोनदा केले पाहिजे; कारण एका हंगामात काढलेला नकाशा तळाच्या वाटेचे अर्धेच सत्य सांगेल. स्थानपोथीकाराने भाविकासाठी दिशा व अंतरे नोंदविली. तीच शिस्त इतिहासाच्या विद्यार्थ्याने स्वीकारली, तर लोणारचे गाव व सरोवर यांचा एकत्र इतिहास लिहिण्यास आधार मिळेल.